मेलेल्या भाषा, जिवंत वर्ग

‘मला ग्रीक येत नाही’ असं आपल्यापैकी कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं मानू नये. पहिल्या सेमिस्टरपासून आपण सगळे थीटा, लॅम्डा, म्यू, सिग्मा वहीत उतरवतोय. रेझिस्टन्सपुढे जो ओमेगा काढतो त्याचा अर्थ ‘मोठा ओ’. छोटा ओ म्हणजे ओमायक्रॉन, आणि हे नाव २०२१ मध्ये कोविडच्या कृपेने घराघरांत पोचलं. लॅटिनचीही तीच कथा. ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा, ‘फोकस’ म्हणजे चूल, ‘कॅल्क्युलस’ म्हणजे हिशेबाला वापरायचा खडा आणि ‘इनर्शिया’ म्हणजे चक्क आळस. सकाळचं पहिलं लेक्चर बुडवून झोपणाऱ्या रूममेटला ‘याचा इनर्शिया फार’ म्हटलं, तर ते व्युत्पत्तीला अगदी धरून आहे.

बरं, हे फक्त शब्दांपुरतंही नाही. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ लिहिला तो लॅटिनमध्ये. गाऊसचा अंकशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ १८०१ चा, तोही लॅटिन. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हा शोध ओर्स्टेडने १८२० मध्ये युरोपभर कळवला तो चार पानांच्या लॅटिन पत्रकातून. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनो, तुमच्या अख्ख्या ब्रँचचा पाया लॅटिनमध्ये घातला गेलाय!

पण हे सगळं झालं जुनं. आज न्यूटन वाचायला कुणाला लॅटिन लागत नाही, भाषांतरं आहेत. मग आजच्या शाळा-कॉलेजांत या भाषा अजून का शिकवतात, आणि शिकवतात तरी कशा? मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. गेलं दीड वर्ष रात्री मेसमधून आल्यावर अर्धा तास लॅटिनचं एक पुस्तक वाचतो. त्यामुळे हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बहुतेकांचा सूर ‘प्लेसमेंटला याचा उपयोग काय?’ असाच असतो. त्याचं उत्तर शोधता शोधता या भाषा शिकवण्याचा जो इतिहास वाचला तो मला भाषेइतकाच उपयोगी वाटला. तो इथे मांडतो.

आधी दरवाजा होता

इंग्लंडमध्ये कित्येक पिढ्या लॅटिन आणि ग्रीक हे विषय कमी आणि फाटक जास्त होते. केंब्रिजला ग्रीकची सक्ती १९१९ मध्ये उठली, ऑक्सफर्डला १९२० मध्ये. तोवर कुठल्याही विषयाची पदवी घ्यायची असली तरी आधी थोडंफार ग्रीक पास करावं लागे. लॅटिनची अट तर दोन्हीकडे १९६० च्या सुमारास गेली. म्हणजे फिजिक्स शिकायला निघालेल्या मुलालाही आधी सीझरच्या लढाया वाचायच्या असत.

या फाटकाचा फटका आपल्या लोकांनाही बसलाय. १८५५ मध्ये लंडनला आय.सी.एस.ची पहिली स्पर्धा परीक्षा झाली, तेव्हाचं वेटेज बघा: ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५०, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. कुठल्या देशावर राज्य करायचं आणि कुठल्या भाषेला निम्मे मार्क! इंग्लंडमधल्या मोठ्या शाळेत शिकलेला मुलगा लहानपणापासून ग्रीक-लॅटिन घोकत असे. इथून जाणारा मुलगा संस्कृतात कितीही हुशार असला तरी त्याची धाव ३७५ पर्यंत. अशा परीक्षेतून १८६९ साली मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर उत्तीर्ण झाले. त्या वर्षी पास झालेल्या चार भारतीयांपैकी ते एक. त्या यशाची किंमत हे वेटेज पाहिल्यावर नीट कळते.

सांगायचा मुद्दा असा की फाटक असताना विषय कसा शिकवला जातो याची काळजी कुणी करत नाही. मुलं येणारच, पाठ करणारच, पास होणारच. आपल्याकडे सक्तीच्या विषयांचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. १९६० नंतर इंग्लंडमधल्या लॅटिनच्या शिक्षकांवर एक वेगळीच वेळ आली. सक्ती गेली, वर्ग रिकामे होऊ लागले, आणि मुलांनी आपणहून बसावं असं काहीतरी शिकवायची पाळी आली. गंमत म्हणजे विषयाचं खरं भलं तिथून पुढे झालं.

तक्त्याची पद्धत

आधीची पद्धत समजायला एक छोटा पाठ घेऊ. लॅटिनमध्ये ‘कानिस’ म्हणजे कुत्रा, ‘होमो’ म्हणजे माणूस, ‘मोर्देत’ म्हणजे चावतो.

कानिस होमिनेम मोर्देत = कुत्रा माणसाला चावतो.
होमिनेम कानिस मोर्देत = तरीही कुत्राच माणसाला चावतो.
होमो कानेम मोर्देत = आता मात्र माणूस कुत्र्याला चावतो!

कोण चावतो हे शब्दांच्या जागेवर ठरत नाही, शेवटावर ठरतं. ‘होमो’चं ‘होमिनेम’ झालं की माणूस कर्म झाला, ‘कानिस’चं ‘कानेम’ झालं की कुत्रा. इंग्रज मुलाला हे फार जड जातं, कारण इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थ उलटा होतो. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. ‘माणसाला कुत्रा चावतो’ आणि ‘कुत्रा माणसाला चावतो’ यांत मराठी कान कधी गोंधळत नाही, ‘ला’ सगळं सांभाळतो. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखी सोपं. संस्कृतात संबोधन धरून आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहा. तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं बरंचसं काम तिथे एकच विभक्ती करते. म्हणजे लॅटिन शिकायला मराठी माणूस इंग्रजापेक्षा दोन पावलं पुढूनच निघतो.

आता जुन्या वर्गात काय व्हायचं? पहिल्या दिवशी तक्ता. दुसऱ्या दिवशी दुसरा तक्ता. मग सुटी सुटी वाक्यं, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही: शेतकऱ्याच्या मुली खलाशांना गुलाब देतात, सेनापती टेबलांवर प्रेम करतो, अशा थाटाची. वाक्य आलं की आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा, मग कर्म, आणि इंग्रजीत उतरवा. वाक्य वाचायचं नाही, सोडवायचं! चार-पाच वर्षं असं केल्यावर मग खरा लेखक हातात यायचा, तोही रोज दहा ओळी. त्या दहा ओळींत लेखक काय म्हणतोय इकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला?

आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. लोकल ऑथरचं पुस्तक घ्या, सोडवलेली उदाहरणं बघा, पायऱ्या पाठ करा, पेपरात त्याच पायऱ्या लिहा. फ्लुइडचा पेपर सुटतो, पण नळातलं पाणी तसं का वाहतं हा विचार एकदाही मनात येत नाही.

लॅटिन शाळेत शिकलेली माणसं जिथे जिथे गेली तिथे हा तक्ता बरोबर घेऊन गेली, हेही लक्षात घ्यायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे हेच, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यांनी कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये निघालं. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर आहे. तक्ता वाईट नाही; स्टीफन्ससारख्या अभ्यासकाच्या हातात तो परक्या भाषेची किल्ली होतो. प्रश्न एवढाच आहे की बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा द्यायचा की आधी घर दाखवायचं?

आधी गोष्ट, मग व्याकरण

घर दाखवणाऱ्यांपैकी एक होते डब्ल्यू. एच. डी. राऊस. जन्म १८६३, कलकत्त्याचा. केंब्रिजला संस्कृतही शिकवायचे. १९०२ ते १९२८ ते केंब्रिजच्या पर्स शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी वर्गात लॅटिन आणि ग्रीक बोलायलाच सुरुवात केली. मास्तर उठून उभे राहतात आणि लॅटिनमध्ये म्हणतात, ‘मी उभा राहतो’. मुलाला उठवतात आणि विचारतात, ‘तू काय करतोस?’ मुलगा उत्तर देतो, ‘मी उभा राहतो’. अशाने क्रियापदाची रूपं तक्त्याआधी तोंडात बसतात. डावी बाजू मूळ आणि उजवी बाजू भाषांतर अशी जी लोएब मालेची हिरवी-लाल पुस्तकं आहेत (हिरवी ग्रीक, लाल लॅटिन), त्यांच्या पहिल्या संपादकांत हेच राऊस होते.

राऊस यांची अडचण ही की सगळं शिक्षकावर अवलंबून. असा शिक्षक गेला की वर्ग पुन्हा तक्त्यावर. यावर उपाय काढला हान्स एरबर्ग या डॅनिश शिक्षकाने. १९५५ मध्ये त्यांचं लॅटिनचं पुस्तक आलं, त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त लॅटिन. भाषांतर नाही, शब्दकोश नाही. मी रात्री वाचतो ते हेच. सुरुवात नकाशाने होते: नदी कुठली, बेट कुठलं, गाव कुठलं. चित्र समोर असल्यामुळे वाक्य कळतं. मग एक रोमन कुटुंब येतं: बाप, आई, भांडखोर मुलं, गुलाम. नवा शब्द आला की समासात त्याचं चित्र किंवा आधी शिकलेल्या शब्दांत अर्थ. पहिल्या भागात ३५ प्रकरणं आहेत आणि ती वाचता वाचता सुमारे दीड हजार शब्द डोक्यात बसतात.

यातली इंजिनिअरिंगची हुशारी मला फार आवडते. प्रत्येक पानावर नवीन किती आणि जुनं किती याचं प्रमाण असं सांभाळलंय की जुन्याच्या आधाराने नवीन ओळखता येतं. लोड हळूहळू वाढवायचा, एकदम दिला तर स्पेसिमेन तुटतो! आणि व्याकरण सुटत नाही, ते प्रकरणाच्या शेवटी येतं. तोवर ते रूप आपण तीस-चाळीस वेळा वाचलेलं असतं, त्यामुळे तक्ता पाहिला की ‘अरे, हे तर माहीतच आहे’ असं वाटतं.

इंग्लंडमध्ये १९६६ ला केंब्रिजचा शालेय प्रकल्प सुरू झाला आणि १९७० मध्ये ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ बाहेर पडू लागला. त्याचा नायक पॉम्पेईचा सावकार सेसिलियस. हा माणूस खरा होता. त्याच्या घरात व्यवहाराच्या मेणपाट्या १८७५ मध्ये सापडल्या. पुस्तकात त्याची बायको, मुलगा, आचारी, कुत्रा सगळे भेटतात. मुलं त्यांच्यात रमतात आणि पहिल्या भागाच्या शेवटी व्हेसुव्हियसचा उद्रेक होतो. तिकडच्या कित्येक पिढ्यांना लॅटिन विसरलं तरी सेसिलियसचं काय झालं ते आठवतं. या कोर्सवर टीकाही झाली. गुलामगिरी फार हसतखेळत दाखवली, बायकांना काम नाही, असं लोक म्हणत. २०२२ च्या नव्या आवृत्तीत बदल झाले आणि सेसिलियसला एक मुलगीही मिळाली.

ग्रीकसाठी १९७८ मध्ये ‘रीडिंग ग्रीक’ आलं. त्याची सुरुवात तर झकास आहे. जहाजावर कर्ज काढलेली दोन माणसं समुद्रात जहाजाच्या तळाला भोक पाडून ते बुडवायला बघतात, म्हणजे कर्ज फेडायला नको. इन्शुरन्स फ्रॉडच म्हणा ना! गोष्ट डेमोस्थेनिसच्या नावावर असलेल्या एका कोर्टातल्या भाषणावरून घेतलीय. अडीच हजार वर्षांपूर्वीची भाषा, पण भानगड आजची.

या पद्धतीतही दोष आहे, तो लपवून उपयोग नाही. गोष्टीच्या ओघात मुलं अंदाजाने अर्थ लावायला शिकतात. सेसिलियसच्या गोष्टीत अंदाज चालतो, पण पुढे सिसेरोचं बारा ओळींचं एक वाक्य समोर आलं की अंदाज गडगडतो. म्हणून चांगले शिक्षक दोन्ही करतात: भरपूर सोपं वाचायला देतात आणि तक्ताही वेळच्या वेळी पक्का करून घेतात. तक्ता शेवटी लागतोच. फक्त तो आधी आला तर भिंत होतो आणि नंतर आला तर शिडी.

प्लंबरच्या कपड्यातले मास्तर

रसायनशास्त्रात शिशाचं चिन्ह ‘पीबी’, कारण लॅटिनमध्ये शिसं म्हणजे ‘प्लुंबुम’. रोमन लोक शिशाचे नळ टाकत, त्यावरून ‘प्लंबर’. हे आठवायचं कारण रेजिनल्ड फॉस्टर. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे, प्लंबरांच्या घराण्यात १९३९ मध्ये जन्मलेले. पुढे धर्मगुरू झाले आणि सुमारे चाळीस वर्षं व्हॅटिकनमध्ये पोपची लॅटिन पत्रं लिहिण्याचं काम केलं. पण कपडे पाद्र्याचे घालायचे नाहीत, कामगाराचा निळा पोशाख घालायचे.

हे गृहस्थ रोममध्ये विद्यापीठात लॅटिन शिकवत आणि १९८५ पासून उन्हाळ्यात स्वतःचा मोफत वर्ग घेत. जगभरातून विद्यार्थी यायचे. तक्ते पाठ करायचे नाहीत, सोपी बनवलेली गोष्टही नाही. पहिल्या दिवसापासून खरे लेखक, खरी वाक्यं. गृहपाठाच्या कागदांना त्यांनी नाव दिलं होतं ‘लुदी’, म्हणजे खेळ. प्राचीन रोममध्ये भिकारीसुद्धा लॅटिन बोलत होते, मग तुम्हाला न यायला काय झालं, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. फी न भरलेल्या विद्यार्थ्यांनाही ते वर्गात बसू देत. त्यापायी २००६ मध्ये विद्यापीठातलं त्यांचं शिकवणं बंद झालं, तर त्यांनी बाहेर वर्ग सुरू ठेवला. २०२० च्या नाताळच्या दिवशी ते वारले. आज अमेरिका-युरोपात लॅटिन बोलत शिकवणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी आहेत.

आणि हॉस्टेलवाल्यांनी ऐकावं असं एक ठिकाण: रोमजवळ फ्रास्काती इथे ‘विवारियुम नोवुम’ नावाची संस्था आहे. तिथे वर्षभर मुक्कामाला राहणारे विद्यार्थी जेवताना, भांडताना, चेष्टा करताना लॅटिनच बोलतात. निरनिराळ्या देशांतून आलेली पोरं, समान भाषा तेवढी एकच. मेसच्या भाजीबद्दल लॅटिनमध्ये काय काय बोलत असतील याची कल्पना करून बघा!

दार कुणासाठी उघडं?

आता खरा मुद्दा. शिकवायची पद्धत सुधारली, पुस्तकं चांगली झाली, पण वर्ग कुठे भरतो? ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार इंग्लंडमध्ये अकरा ते चौदा वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा तीन टक्क्यांहून कमी होत्या, आणि खाजगी फीवाल्या शाळा ४९ टक्के. सक्तीचं फाटक गेलं, पण त्या जागी फीचं फाटक आलं. ते दिसत नाही एवढंच.

ही दरी कमी करायला सरकारने ४० सरकारी शाळांसाठी ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली आणि २०२२ मध्ये ती सुरू झाली. नवीन सरकार आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये सांगण्यात आलं की फेब्रुवारी २०२५ पासून पैसे बंद. म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यावर. सेसिलियसच्या घरात नुकती शिरलेली ती मुलं. काही शाळांपुढे प्रश्न पडला की आता हा वर्ग पुढे न्यायचा कुणी? खाजगी शाळांतले वर्ग अर्थातच चालू राहिले.

विद्यापीठांनी याला निरनिराळी उत्तरं दिलीत. अमेरिकेत प्रिन्स्टनने २०२१ मध्ये प्राचीन ग्रीस-रोम या विषयाची पदवी घेताना ग्रीक किंवा लॅटिन शिकण्याची अट काढली. हेतू चांगला: ज्यांच्या शाळेत या भाषा नव्हत्या त्यांना विषयाचं दार उघडं व्हावं. विरोधकांचं म्हणणं असं की भाषेशिवाय हा विषय म्हणजे गणिताशिवाय इंजिनिअरिंग. मला दोन्ही बाजू पटतात, पण कल दुसरीकडे जातो. ज्याच्या शाळेत लॅटिन नव्हतं त्याला विद्यापीठाने पहिल्या दिवसापासून लॅटिन शिकवावं. डिप्लोमाहून आलेल्या मित्राला गणित जड जातं म्हणून आपण त्याला गणितातून सूट देत नाही, त्याच्याबरोबर रात्री बसून सोडवतो. त्याला सूट देणं म्हणजे त्याला जमणार नाही असं गोड शब्दांत सांगणं.

इटलीत तिसराच प्रकार. तिथल्या ‘लिचेओ क्लासिको’ शाळेत पाच वर्षं लॅटिन आणि ग्रीक दोन्ही. १९६९ पर्यंत विद्यापीठाच्या सगळ्या विद्याशाखांची दारं फक्त याच शाळेच्या मुलांना खुली असत. आज तशी अट नाही आणि अलीकडच्या वर्षांत नवीन प्रवेशांपैकी साधारण पाच-सहा टक्केच तिकडे जातात. तरी शाळेत शिकलेलं लॅटिन कधी कामाला येईल सांगता येत नाही. ११ फेब्रुवारी २०१३ ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी राजीनामा जाहीर केला तो लॅटिनमध्ये. जोवान्ना किर्री या इटालियन पत्रकाराला ते ऐकता ऐकता कळलं आणि जगातली त्या वर्षीची एक मोठी बातमी तिच्या वृत्तसंस्थेने सगळ्यांच्या आधी दिली.

उपयोग काय?

पण बातमी काही रोज मिळत नाही. म्हणून आपल्या ब्रँचचं उदाहरण देतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेईबरोबर हर्क्युलेनियमही गाडलं. तिथल्या एका वाड्यात अठराव्या शतकात शेकडो पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या, पण जळून कोळसा झालेल्या. उलगडायला गेलं की चुरा. २०२३ मध्ये एक स्पर्धा जाहीर झाली: सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रे स्कॅनमधून, गुंडाळी न उघडता, आतली अक्षरं वाचून दाखवा. त्या ऑक्टोबरमध्ये नेब्रास्का विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या २१ वर्षांच्या ल्यूक फॅरिटरच्या प्रोग्रॅमने पहिला शब्द दाखवला: ‘पोर्फिरास’, ग्रीकमध्ये जांभळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये युसुफ नादेर, फॅरिटर आणि युलियन शिलिगर या तिघांच्या टीमला सात लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं. त्यांनी दोन हजारांहून जास्त अक्षरं उघड केली होती.

आता विचार करा. प्रोग्रॅमने दाखवला तो शाईचा आकार. तो आकार म्हणजे अक्षर आहे, ती अक्षरं म्हणजे शब्द आहे, आणि तो मजकूर सुखाबद्दल, खाण्याबद्दल आणि संगीताबद्दल बोलतोय, हे सांगायला ग्रीक हस्तलिखितं वाचणारी माणसं लागली. नुसत्या कोडला स्वतःचं उत्तर बरोबर आहे का हे तपासता आलं नसतं. त्या गुंडाळ्यांपैकी कितीतरी अजून बंद आहेत. मशीन त्या उघडेल. पण उघडल्यावर वाचणारं कुणी उरलं पाहिजे ना? ते वाचणारे आजच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांतूनच येणार, आणि फक्त फीवाल्या शाळांतूनच आले तर आपण कितीतरी चांगले डोळे आधीच गमावलेत.

आज मोबाइल लॅटिनचं भाषांतर काही सेकंदांत करून देतो, बरेचदा ठीकही करतो. म्हणून तर शिकवण्याचा हा इतिहास आपल्या कामाचा आहे. वाक्य नुसतं सोडवून दुसऱ्या भाषेत उतरवणं एवढंच शिकवलं असेल, तर ते काम मशीनने घेतलंच आहे. वाचता येणं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस बोलतोय आणि ते आपल्याला मधे कुणी नसताना कळतंय, हा भाग अजून आपलाच आहे. फ्लुइड मेकॅनिक्सचंही तसंच, थर्मोचंही तसंच. पायऱ्या सॉफ्टवेअर करतं. काय चाललंय हे समजणारा माणूस लागतो.

ज्यांना मनापासून करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ग्रीक मुळाक्षरं २४ आहेत, त्यातली निम्मी आपल्याला आधीच येतात. उरलेली दोन संध्याकाळी होतात. आणि ज्यांनी दहावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून संस्कृत घेतलं, नव्वदच्या वर मार्क काढले आणि नंतर पुस्तक उघडलं नाही, त्यांनी एखादी सोपी संस्कृत गोष्ट भाषांतर न करता नुसती वाचून बघावी. एकदा नाही कळली तर दुसऱ्यांदा. परीक्षा नाही, सबमिशन नाही, व्हायव्हा नाही. बघा, जमतंय का!